पाचशे नव्वद मिळवा

हुमनाबाद, ११ जून १९५१

शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी डोकं उठलं. हेडमास्तर मुकुंदरावांनी खोलीत बोलावून घेतलं, पान लावता लावता म्हणाले, "गुंडेराव, यंदा दहावीचा इतिहास तुमच्याकडं."

मी हिसाबाचा मास्तर. इतिहास शिकलो तो मॅट्रिकला, तोही उर्दूत, आणि पेपर टाकून घरी आल्याबरोबर विसरलो. पण आता सगळं मराठीत शिकवायचं आहे. उर्दू वाचता येतं आणि मराठीही धड लिहिता येतं असा शाळेत मी एकटाच निघालो, हाच माझा गुन्हा. विचारलं, पुस्तक? म्हणाले, "यायलंय." कधी? "यायलंय म्हणालो न्हवं?"

तोवर शाळेच्या कपाटातलं जुनं उर्दू पुस्तक वाचायचं, त्याचं मराठी करायचं आणि मुलांना लिहून द्यायचं. पुस्तकाची पुढची चार-पाच पानं वाळवीने खाल्ली आहेत. बहामनींपासून औरंगजेबापर्यंतचं मात्र शाबूत आहे.

घरी आलो तर तिथे वेगळाच घोळ. हिने आईसमोर विषय काढला होता की मला मॅट्रिकला बसायचंय. लग्नाआधी गुलबर्ग्याला मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकली आहे, पुढची पुस्तकं घरीच वाचत होती, ते मला माहीत होतं. पण थेट मॅट्रिक! मुलींच्या शाळेला मॅट्रिक पास बाई हवी आहे, पुढच्या जूनपर्यंत जागा रिकामी ठेवणार आहेत, हे हिला कोणी सांगितलं कोण जाणे. आईने बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक साल देते. पास झालीस तर माझी ना न्हाई. न्हाई झालीस तर पुस्तकं बांधून माळ्यावर, मंग पुन्हा नाव काढायचं न्हाई." ही लगेच 'व्हय' म्हणाली. मला कोणी विचारलंच नाही.

१९ जून

पुस्तकातले सन बघून घाम फुटला. बहामनी राज्य स्थापन, सन ७४८. तालिकोटची लढाई, सन ९७२. परीक्षेत लिहायचे इसवी सन. दोन दिवस डोकं खाजवलं आणि आज शेवटी उजेड पडला. सरकारी पुस्तक आहे, म्हणजे सनही निजाम सरकारचा, पिकांच्या हंगामावर चालणारा फसली. पोलीस ॲक्शननंतरच्या ऑक्टोबरात फसली १३५८ लागलं, ते पगारपत्रकावर मी स्वतः लिहिलं होतं. तेव्हा इसवी १९४८. फरक पाचशे नव्वद. झालं!

तरी हिसाबाचा माणूस ताळा केल्याशिवाय सोडत नाही. औरंगजेबाने बीदरचा किल्ला घेतला तो पुस्तकात १०६७. पाचशे नव्वद मिळवले, १६५७. मुकुंदरावांच्या मोगलांवरच्या इंग्रजी पुस्तकात बघितलं तर १६५७. तंतोतंत. इतिहासवाले लोक उगाच अवघड तोंड करून बसतात.

टिपणवहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: पाचशे नव्वद मिळवा.

८ जुलै

शिकवण्याचा कंटाळा नाही, पण घरी आल्यावरही तास चालू राहतो याचा येतो. हिला माझी टिपणं दिली आहेत. ती पाठ करावीत की नाही? ही प्रश्न विचारते. वजीर महमूद गवानला राजाने मारलं, तर मग त्याचा मदरसा कामून तसाच ठेवला? राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली तर तिथल्या विणकरांनी काय केलं? मला काय माहीत विणकरांनी काय केलं! परीक्षेत विणकर येत नाहीत.

तवा तापून लाल झाला होता तरी उत्तराची वाट बघत उभी. भाकरी करपली ती माझ्याच पानात पडली.

२ ऑगस्ट

तालीम खात्याचे शाळा-इन्स्पेक्टर येऊन गेले. माझी टिपणवही चाळली, दोनदा 'वाहवा' म्हणाले. जिल्ह्यातल्या सातही शाळांत मराठी पुस्तकाची बोंब आहे, म्हणून माझ्या टिपणांच्या नकला करून सगळीकडे धाडायच्या ठरल्या, वर माझं नाव घालून. आणि मला इतिहासाचा मास्तर म्हणून कायम करण्याची शिफारस. आठ वर्षं हंगामी आहे मी. ते वळणाआड गेले तरी माझे हात जोडलेलेच होते, हे फक्त इथे लिहितो.

घरी सांगितलं तर आईने साखर ठेवली देवापुढे. ही म्हणाली, "सातही शाळंत हेच सन जाणार?" म्हटलं, मग काय दुसरे जाणार? तोंडात चांगला शब्द यायला काय होतं माणसाला!

१४ सप्टेंबर

हिचा भाऊ सोलापूरहून छापील मराठी इतिहास घेऊन आला. तेव्हापासून घरात शांतता नाही. त्यात तालिकोट १५६५. माझ्या टिपणात १५६२.

"लढाई एकच हाय न्हवं?" ही विचारते.

मी म्हटलं, छापखान्यात खिळे जुळवणारी पोरं असतात, दोनाचा पाच सहज होतो.

"आन् गवानला मारलं ते? हितं १४८१ हाय, तुमच्यात १४७६. त्या पोरानं सगळीकडंच चुकवलं का?"

बीदरच्या किल्ल्याचा सन बघ म्हटलं. तो दोन्हीकडे १६५७ निघाला. बघ! त्यावर गप्प बसली. पण हिचं गप्प बसणं म्हणजे पटणं नव्हे, एवढं तीन वर्षांत मला कळलं आहे.

हल्ली ही दुपारी दोन गल्ल्या पलीकडे बाखी साहेबांच्या बेगमकडे फार जाते. कधी वाटी घेऊन, कधी नुसतीच. मौलवी अब्दुल बाखी आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे, मलाही त्यांनीच शिकवला. शाळेतून उर्दू गेली तसे तेही घरी बसले. मी गेलेलो नाही इतक्यात. वेळच मिळत नाही.

१२ ऑक्टोबर

परवा दसरा झाला आणि आज मोहरमचा दहावा दिवस. वेशीतल्या निखाऱ्यांच्या अलाव्याभोवती गाव गोळा झालं होतं. आईने पिरांना दाखवायला गुळाचे गोड चोंगे केले होते, दरवर्षी करते. सोनं वाटून झालेली तीच माणसं आज ताबुतांच्या डोल्यांमागे चाललेली.

येताना ही म्हणाली, "मी सात-आठ वर्षांची होते तवा मोहरम भर उन्हाळ्यात यायचा. निखाऱ्यावरून चालणाऱ्याचं काय, बघणाऱ्याचे पाय पोळायचे. आता दसऱ्यात आला."

आई म्हणाली, "सरकत सरकत येतोच की तो. माझ्या लग्नात पण दसऱ्यालाच होता, मागं फिरून आला."

ही रस्त्यात थांबली. "म्हंजे त्यांचं वरीस लहान हाय. आपल्याहून धा-अकरा दिवसांनी लहान. ऐकायलाव का? पुस्तकातले सन फसली न्हाईत. ते मोहरमावाणी चंद्रावर चालणारे हिजरी हाईत. म्हणून तालिकोटला तीनाचा फरक पडतो, त्याच्याही आधीच्या गवानला पाचाचा, मागं जावं तसे सणावाणी सरकायलेत."

मी म्हटलं, सणाचा आणि सनाचा काय संबंध, घरी चल. चारचौघांत रस्त्यावर इतिहास! पण घरी येऊन पाटी घेतली. दर शंभराला तीन वर्षं कमी करून हिजरीच्या आरंभाचे सहाशे बावीस मिळवले. ९७२ चे १५६५ आले. ८८६ चे १४८१.

पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

१४ ऑक्टोबर

आज हिने पदराखालून एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. शाळेतलंच जुनं पुस्तक, पण बाखी साहेबांची स्वतःची प्रत, पुढची पानं शाबूत. पहिल्याच पानावर छापलेलं: या पुस्तकातले सगळे सन हिजरी आहेत. बीदरच्या किल्ल्याचा ताळा कामून जमला तेही त्यांनी हिला समजावून दिलं म्हणे. दख्खनेत फसली सुरू झालं ते त्याच सुमाराला, हिजरीच्याच आकड्यावरून. म्हणून त्या वीस-तीस वर्षांत दोन्ही जुळतात. नेमकी तीच जागा मी ताळ्याला निवडली.

जुलैपासून ही त्यांच्याकडे इतिहास शिकते आहे. बेगम सुपारी कातरत बसतात, साहेब पडद्याआडून सांगतात, ही लिहून घेते. म्हणजे माझी बायको माझ्या मास्तरांकडे जाऊन माझी टिपणं तपासून घेत होती! फार चिडलो. आधी कामून सांगितलं नाही म्हणून विचारलं.

म्हणाली, "सांगितलं की. दर वेळी सांगितलं. तुमी छापखान्याच्या पोरावर घालायलाव."

काही वेळाने विचारलं, साहेबांनी माझी चौकशी केली का. "न्हाई," म्हणाली. बरं झालं.

३ नोव्हेंबर

सांगायचं तर आहेच. पण नकला सातही शाळांत गेल्या आहेत, वर ठळक अक्षरांत माझं नाव. कायमचा कागद हैदराबादला गेला आहे, आज-उद्या सही होऊन येईल. सही झाली की पत्र लिहून सगळ्यांना कळवतो. मॅट्रिक मार्चात आहे, वेळ भरपूर आहे. घाईघाईने कळवून गोंधळ कशाला करायचा? मुलं भांबावतील.

हिला हे सांगितलं. ही ज्वारी निवडत राहिली. तिच्या वहीत मात्र सगळे सन खोडून नवे लिहिलेत, ते मी बघितलं.

१० डिसेंबर

कागद अजून नाही. आज वर्गात सांगणारच होतो, खडूही हातात घेतला होता. तेवढ्यात मुकुंदराव दारातून म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." चालू दिलं.

१२ जानेवारी १९५२

सातही शाळांची मिळून एकत्र चाचणी झाली. जो पास होईल त्याच्याच मॅट्रिकच्या फॉर्मवर सही, खाजगी उमेदवारांनाही तोच नियम. इतिहासाचा पेपर भालकीच्या अंकुशरावांनी काढला. प्रश्नपत्रिका मी दोनदा वाचली. "पुढील घटनांचे इसवी सन लिहा," वीस गुणांना. तेही ठीक होतं, पण तिसऱ्या प्रश्नात त्यांनी स्वतःच छापलं होतं: "सन १५६२ च्या तालिकोटच्या लढाईची कारणे लिहा."

माझं १५६२! छापून, शाई लागून, माझ्याकडेच परत आलं. मी पर्यवेक्षक म्हणून बाकांमधून फिरत होतो आणि दहावीची सगळी पोरं माझेच सन न अडखळता लिहीत होती. मुलींच्या बाकावर ही बसली होती. पुढे जाऊन बघायची हिंमत झाली नाही.

२३ जानेवारी

निकाल. माझा वर्ग सगळा पास. मुकुंदरावांनी पाठ थोपटली.

ही इतिहासात नापास. एकोणतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितातसुद्धा. सनांच्या वीस गुणांत दोन मिळाले, ते बीदरच्या किल्ल्याचे. तालिकोटच्या उत्तरात आरंभीच हिने लिहिलं होतं की ही लढाई प्रश्नात दिलेल्या साली झाली नसून १५६५ साली झाली. त्यावर लाल पेन्सिलीची फुली.

घरी आल्यावर मी ओरडलो. म्हटलं, तुला माहीत होतं ना की पेपर माझ्या टिपणांवरून तपासणार? लिहायचे होते तेच सन! मॅट्रिकला बरोबर लिहायचे!

ती म्हणाली, "मला खरं ठाव असताना खोटं कसं लिवू? तुमच्या पोरांना ठाव न्हवतं, त्यांचं येगळं."

आई दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "एक साल म्हणाले होते मी." हिने पुस्तकं एकावर एक रचली, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली आणि माळ्यावर चढवायला माझ्याकडे दिली. मी उंच आहे म्हणून.

मी चढवली. का चढवली? नको म्हणायला तोंड होतं की मला.

२५ जानेवारी

फॉर्मची शेवटची तारीख दहा फेब्रुवारी. भालकीला जाऊन अंकुशरावांना भेटलो. एकांतात सांगितलं, जरा नजरचूक झाली आहे, सहा गुणांचं बघा.

अंकुशराव भला माणूस, पण सरळ. म्हणाले, "मास्तर, मी इतिहासवाला न्हाई, मी भूगोलवाला. तुमची टिपणं समोर ठेवून तपासलं. त्यावर तुमचंच नाव हाय. आता तुमीच म्हणायलाव ते चूक हाय? मंग तसं लिहून द्या. आन् सन बरोबर कोणते ते जाणत्या माणसाची सही घेऊन आणा. मंग मी सगळ्यांचेच पेपर पुन्हा तपासतो."

सगळ्यांचे! म्हणजे सातही शाळांचे. बसमध्ये सबंध रस्ताभर चडफडत आलो. शेजारच्या माणसाच्या मांडीवर कोंबडी होती, तिच्यावरसुद्धा चिडलो.

२७ जानेवारी

जाणता माणूस हुमनाबादेत एकच.

बाखी साहेबांच्या दारात उभं राहून कडी वाजवायला मला किती वेळ लागला ते लिहीत नाही. पोलीस ॲक्शननंतरचे ते दिवस, त्यांचा थोरला घरातून गेला तो परत आला नाही, आणि मी दोन गल्ल्यांवर राहून एकदाही आलो नव्हतो. वेळ मिळत नव्हता असं मी याच वहीत लिहिलं आहे. ते खोटं आहे. भीती होती, मग लाज वाटली, मग लाजेची सवय झाली.

दाढी सगळी पांढरी झाली आहे. मी कागद पुढे केला. त्यांनी एकेक सन बोट ठेवून वाचला, एका ठिकाणी माझीच बेरीज सुधारली, खाली सही केली. मग चष्मा काढून म्हणाले, "गुंडेराव, दो गल्ली का रस्ता. साडेतीन साल लगे तुमना."

 बेगमने चहा पाठवला. तो मी सगळा प्यालो आणि आणखी थोडा वेळ बसलो.

२९ जानेवारी

लिहून दिलं. मुकुंदराव आधी हसले, मग टेबलावर हात आपटून म्हणाले, "खुळे का तुमी? कायमचा कागद सहीला हाय! मार्चनंतर कामून न्हाई लिवलं?" म्हटलं, मार्चनंतर उपयोग नाही. म्हणाले, "एका बाईसाठी?" म्हटलं, माझ्या वर्गातली त्रेपन्न पोरंही आहेत, तीही चुकीचं घेऊन मॅट्रिकला जातील. हे खरंच आहे, पण ती पोरं नोव्हेंबरातही होती. तेव्हा मला ती दिसली नाहीत.

कागदावर एक ओळ भरायची राहिली होती, चूक कोणी लक्षात आणून दिली. मी या वहीतही हिचं नाव कधी लिहिलेलं नाही, आमच्यात लिहीत नाहीत. तिथे लिहिलं: सुमतीबाई, खाजगी उमेदवार.

मग वर्गात गेलो. फळ्यावरचा एकेक सन पुसला, एकेक नवा लिहिला. मुलांनी कपाळाला हात लावले. एकाने विचारलं, मास्तर, हे तरी नक्की ना? चिडायचा हक्क नव्हता, तरी चिडलो.

७ फेब्रुवारी

पेपर पुन्हा तपासले. माझ्या वर्गातले चार खाली आले, त्यांची दुसरी चाचणी परवा आहे. त्यांच्यासाठी रोज शाळा सुटल्यावर तास घेतो आहे. त्यांचे बाप माझ्याशी बोलत नाहीत. हिला एक्कावन्न. फॉर्मवर सही झाली.

माझा कागद हैदराबादहून परत आला, सहीशिवाय. मी हंगामीच, सोमवारपासून पुन्हा पाचवी-सहावीचा हिसाब. घरी सांगितलं. आई देवापुढे गेली नाही. माळ्याकडे बघून मला म्हणाली, "काढ रं ते खाली. माणसाला एकट्यालाच पुस्तक कळतं असं न्हाई." कोणत्या माणसाला म्हणाली ते विचारलं नाही.

पुस्तकांवरची धूळ झटकून ही म्हणाली, "आता तुमाला येळ मोकळा झाला. मला बीजगणित शिकवा. त्यात तरी फसली-हिजरी न्हाई."

१५ जून १९५२

पास! निकालाचं वर्तमानपत्र दोन दिवस उशिरा आलं, गुण काल शाळेतून कळले. इतिहास अडुसष्ट. गणित छत्तीस. म्हणजे जे मी चुकीचं शिकवलं त्यात अडुसष्ट, आणि जे महिनाभर घसा कोरडा करून बरोबर शिकवलं त्यात काठावर! यावर माणसाने काय बोलावं?

आईने सबंध गल्लीला पेढे वाटले. बाखी साहेबांकडे मी नेऊन दिले. त्यांनी डोळे पुसले आणि गणिताचे किती म्हणून विचारलं. सांगितले, तर मोठ्याने हसले.

मुलींच्या शाळेने हिला ठेवून घेतलं. विषयही दिला, इतिहास. पुस्तक यायलंय म्हणे. उद्यापासून जायचं आहे. सकाळपासून टिपणं काढत बसली आहे, प्रत्येक सनापुढे तो कुठून घेतला ते लिहिते आहे. चूल आईने घेतली.

मी अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्यात म्हणून जवळ बसलो. म्हटलं, वर्गात एखादी मुलगी असतेच, सारखे उलटे प्रश्न विचारणारी. हे कामून, ते कामून. तिच्यावर चिडू नकोस. तिचं ऐकून घे आधी.

हिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "व्हय," म्हणाली, आणि इतकी हसायला लागली की आई हातातलं पीठ तसंच घेऊन बघायला बाहेर आली.